डावखुरा चाकू

आमच्या गोदामात कमोड येतात. बेसिन येतात, बाथटबही येतात, पण मुख्यतः कमोड. ते खोक्यांत असतात, खोक्यांवर प्लास्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या असतात, आणि त्या पट्ट्या कापून आतला माल फुटलाय का हे बघायचं काम माझं. पाहुण्यांनी विचारलं की बाबा सांगतात, ‘ती सिरॅमिकमध्ये आहे.’

पट्ट्या कापायला बरेच जण घडीचा चाकू वापरायचे. एकदा एकाचा चाकू पट्टीत अडकला, त्याने जोर लावला आणि चाकू मिटला. बोटाचं टोक आतच राहिलं. तेव्हापासून त्याला आम्ही पावणेदहा म्हणतो. त्याची काही हरकत नाही. ‘नऊ म्हणण्यापेक्षा बरं,’ म्हणतो.

दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरने सगळ्यांना गोळा केलं. त्याचा आवाज असा की त्याला माईक दिला तर माईकच दचकेल. ‘घडीचे चाकू आजपासून बंद! न मिटणारा घ्यायचा! कमरेला लावायचा! रोज!’ आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, ‘आपापल्या पैशाने.’

म्हणून मी चाकू घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले.

‘भाजीला का?’ दुकानदाराने विचारलं.

‘कमोडला.’

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. अशी माणसं मला आवडतात. त्याने काउंटरवर एक जुना टॉवेल अंथरला आणि त्यावर चाकू मांडले. एकाच्या पाठीला करवतीचे दात होते. एकाच्या मुठीत होकायंत्र होतं, म्हणजे मी बाथटबांमध्ये हरवले तर उत्तर दिशा सापडावी. एक इतका लांब होता की तो कमरेला लावून मी बसमध्ये चढले असते तर बस रिकामी झाली असती. जे चाकू मला परवडणारे होते त्यांची मूठ हातात फिरत होती, आणि ज्यांची मूठ फिरत नव्हती त्यांची किंमत ऐकून माझं डोकं फिरत होतं.

‘साधा नाही का? पातं तळहाताएवढं, मूठ घट्ट, म्यान पट्ट्यात अडकेल असं?’

त्याने वाकून खालच्या खणातून एक चाकू काढला. काळी लाकडी मूठ. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, मागून त्याची चमकती कड दिसत होती. मी तो हातात घेतला आणि पुन्हा टॉवेलवर ठेवावासा वाटला नाही. किंमत निम्म्याहून कमी होती.

‘एवढा स्वस्त का?’

‘कोणी नेत नाही.’

‘खोट आहे?’

‘चाकूत नाही,’ तो म्हणाला आणि कागदात गुंडाळायला लागला.

आता इथे शहाण्या माणसाने पुढचा प्रश्न विचारला असता. मी पिशवी आहे का एवढं विचारलं.

घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा जन्मभर लिफ्टमन होते. आई गेल्यापासून त्यांचे हात थरथरायला लागले आणि ते घराबाहेर पडायचे थांबले. मी रोज मागे लागायचे, निदान कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन या. ते म्हणायचे, ‘जन्म वर-खाली करण्यात गेला. आडवं चालायची सवय राहिली नाही गं.’ मोबाइलही त्यांना नको होता. तो थरथरतोय की आपण, हे कळत नाही म्हणे. म्हणून आमच्याकडे अजून तारेचा फोन आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीवर. सकाळी मी निघाले की मात्र ते दारात उभे राहून, लिफ्टचं दार धरल्यासारखा हात करून विचारायचे, ‘मॅडम, कुठला मजला?’ मी म्हणायचे, ‘तळमजला.’ मग ते हात बाजूला घ्यायचे. हा विनोद मला समज आल्यापासून चालू होता आणि आम्ही दोघंही त्याला हसत नव्हतो.

मी चाकू दाखवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. पातं थरथरत होतं, त्यावरचा उजेड छतावर नाचत होता.

‘हा डाव्या हाताचा आहे,’ ते म्हणाले.

‘चाकूला कसला आलाय हात?’

‘नीट बघ. धारेचा उतार एकाच बाजूला आहे. ही बाजू सपाट. तू उजव्या हाताने सरळ कापायला जाशील आणि हा तिरका पळेल.’ त्यांनी पातं उलटं केलं. ‘तुझी आई जन्मभर हाच शोधत होती.’

आई डावखुरी होती. कात्री, सुरी, साल काढायचं, डबे उघडायचं, सगळं जग उजव्यांनी उजव्यांसाठी केलंय, आपण इथे पाहुण्या आहोत, असं तिचं म्हणणं होतं. प्रत्येक दुकानात ती विचारायची. प्रत्येक दुकानात तिला सांगायचे, असं काही नसतं बाई. आणि मी, एक वर्ष उशिरा, न मागता, पिशवीसकट घेऊन आले होते.

‘परत करते,’ मी म्हटलं.

‘राहू दे,’ बाबा म्हणाले. ‘रात्री तिच्या सुऱ्यांशेजारी ठेवत जा.’

आमच्या घरात आईचा एक नियम होता. जो उंबरा ओलांडणार, त्याचं फळ ती कापून देणार. जो घरी बसणार, त्याने आपलं आपण कापून खावं, देवाने हात दिलेत. यात अपील नव्हतं. मी तापाने फणफणलेली असतानाही घरी आहे म्हणून माझं सफरचंद मला अख्खं मिळायचं. कापायची तिची पद्धतही तिचीच. ती फाका करायची, मधलं बी काढायची आणि फाका पुन्हा जोडून सफरचंद होतं तसं उभं करायची. मग त्याला भाजीच्या जुडीचं हिरवं रबर लावायची. त्यामुळे ते काळं पडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, याला अजून कोणी हातही लावलेला नाही.

सोमवारी गोदामात मी डबा उघडला. रात्रीच भरून, झाकण लावून ठेवलेल्या पोळीभाजीच्या शेजारी एक अख्खं सफरचंद होतं. मी उचललं तर त्याच्या पोटाला हिरवं रबर होतं.

रबर काढल्यावर सफरचंद हातातल्या हातात फाका होऊन उलगडलं.

मी तर्काने विचार केला. घरात दोन माणसं. त्यातल्या एकीने हे कापलेलं नाही. म्हणजे बाबा. थरथरत्या हातांनी, पहाटे उठून, माझ्यासाठी. मला भरून आलं, पण समोर पावणेदहा जेवत होता म्हणून मी ते परत आत ढकललं.

मी बाबांना काही बोलले नाही. रोज सफरचंद येत राहिलं. चार-पाच दिवसांनी बाबाच म्हणाले, ‘तुला आईसारखं जमायला लागलं की. सकाळी ओट्यावर बिया दिसतात. माझ्यासाठीही कापत जा एखादं.’

म्हणजे इतके दिवस आम्ही मनातल्या मनात एकमेकांचं कौतुक करत होतो.

‘मी नाही कापत, बाबा.’

बाबांनी आपले हात वर करून माझ्यासमोर धरले. ते दोन पानांसारखे हलत होते. त्यांना साधं डब्याचं झाकण लावता येत नव्हतं. आमच्या डब्यांची झाकणं जुन्या घडणीची, दोन्ही हातांनी दोन्हीकडून दाबली तरच ‘टक’ करून बसतात. बाबांचा डबा असता तर तोही मलाच लावून द्यावा लागला असता.

आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग बाबा म्हणाले, ‘चहा टाक.’ मी टाकला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. ज्या बाईचा संपूर्ण दिवस कमोडला तडे गेलेत का हे बघण्यात जातो, तिला अशा गोष्टींसाठी सवडच नसते. म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका सकाळी अंथरुणातच, डोळे उघडल्याबरोबर, मी ठरवलं की आज कामावर जायचं नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही आदल्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. उठून स्वयंपाकघरात गेले. चाकू जागेवर होता, पातं कोरडं. टोपलीतली सफरचंदं जशीच्या तशी. ओट्यावरच्या डब्यात नुसती रात्रीची पोळीभाजी.

म्हणजे जे मी आत्ता ठरवलं, ते इथे आधीच माहीत होतं.

मी टोपलीतलं एक सफरचंद घेऊन अख्खं चावलं. नियम म्हणजे नियम.

पुढच्या दिवशी गोदामात जेवताना मी पावणेदहाच्या हातावर एक फाक ठेवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली. कापाची दिशा सगळीकडे एकसारखी डावीकडे कललेली होती.

‘कोण कापतं गं?’

‘आई.’

‘पण तुझी आई तर...’

‘हो.’

तो चावत राहिला. ‘छान कापते,’ म्हणाला.

खरं सांगायचं तर ते दिवस चांगले होते. मी सकाळी ओट्यावरच्या बिया उचलायचे, एकीलाही धार न लागलेल्या, आणि त्या टाकवत नसत. चाकू मला वळत नव्हता. पट्टी सरळ कापायला जावं तर तो तिरका पळायचा आणि खोक्यावर ओरखडा उमटायचा. सुपरवायझर ओरडायचा. मी म्हणायचे, ‘आईचा आहे, सर.’ आईवर कोण ओरडणार.

बाबा मात्र रुसले होते. दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आत बघून बोलायचे. एकदा मी लवकर घरी आले तेव्हा ऐकलं. ‘पोरीला रोज देतेस. मी काय घोडं मारलंय?’

‘बाबा, तुम्ही कुठे जाता का?’ मी दारातून म्हटलं. ‘नियम तुम्हाला माहीत आहे.’

ते वळून माझ्याकडे बघत राहिले. मी थट्टा केली होती. त्यांनी ती थट्टा म्हणून घेतली नाही.

काही दिवसांनी सकाळी ओट्यावर माझ्या डब्याशेजारी आणखी एक डबा पालथा होता. लंबगोल, स्टीलचा, एका बाजूला पोचा आलेला. बाबांचा, लिफ्टच्या नोकरीतला. तो माळ्यावर होता.

‘तुम्ही काढलात?’

‘माझा हात पोचतो का तिथे?’ बाबा म्हणाले. पण ते हसत होते.

त्यांनी दाढी केली होती. वर्षभरात पहिल्यांदाच, गालावर दोन ठिकाणी कापून घेत का होईना. संध्याकाळी मी आले तर ते जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. बूट, मोजे, जमीन आणि बाबा, सगळ्यांनाच थोडं थोडं लागलं होतं.

‘कुठे निघालात?’

‘अजून कुठे? तयारी असावी माणसाची.’

दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा उताणा होता.

त्यानंतरच्या दिवशी त्यात एक हिरवं रबर होतं. बाकी काही नाही. फक्त रबर, तळाशी, नीट गोल.

वर्षभर मी ज्यासाठी त्यांच्या मागे लागले होते, ते होत होतं. बाबा उंबरा ओलांडायला तयार झाले होते. ते शीळ घालत होते. आणि मी त्या रबराकडे बघत उभी होते. कारण मला ती रजेची सकाळ आठवली. त्या डब्याला खोटं जाणं आणि खरं जाणं यातला फरक कळतो. तो नुसता कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्यासाठी माळ्यावरून खाली उतरत नाही.

मी रबर खिशात घातलं. डबा माळ्यावर टाकला, त्याच्यासमोर जुनी शिलाई मशीन सरकवली. बाबांचे बूट पिशवीत घालून गोदामात नेले आणि एका तडा गेलेल्या कमोडमध्ये ठेवले. लपवायला यापेक्षा सुरक्षित जागा जगात नाही. आणि चाकू मी अंगावरून काढायचंच बंद केलं. सुपरवायझर म्हणाला होता, रोज कमरेला. मी झोपतानाही कमरेला लावायला लागले. कूस बदलली की म्यान बरगडीला टोचायचं. टोचलं की मला बरं वाटायचं.

सफरचंदं यायची थांबली. माझ्याही डब्यात.

बाबा पुन्हा खुर्चीत बसून राहायला लागले. दाढी वाढली. जेवताना दोन घास खाऊन ताट सरकवायचे.

‘तू तिला रोज घेऊन जातेस,’ एके दिवशी ते म्हणाले.

‘कुणाला?’

‘मला खेळवू नकोस, बाळा.’

मी एक सफरचंद घेतलं, चाकू डाव्या हातात धरला आणि कापायला बसले. एक बोट कापलं, सफरचंद जेमतेम. फाका जोडल्या तर मधे फटी राहिल्या. खिशातलं हिरवं रबर लावून बशीत घालून बाबांसमोर ठेवलं. ते उभंही राहत नव्हतं, कलत होतं.

बाबांनी बशी फिरवून ते सगळीकडून बघितलं. मग माझं बोट हातात घेतलं, त्यावर आपला थरथरता अंगठा दाबून धरला.

‘छान झालंय,’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘पण तू कापलंस, बाळा. तू मला कुठे जाऊ देणार आहेस?’

‘नाही देणार.’

‘तिने तरी कुठे तुला विचारलंय.’

त्यांनी ते सगळं खाल्लं. फक्त रबर तेवढं वाटीत काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे होते. हात लिफ्टचं दार धरल्यासारखा. ‘मॅडम, कुठला मजला?’

‘तळमजला,’ मी म्हटलं. आणि नेहमीचं सोडून विचारलं, ‘तुम्हाला?’

त्यांनी हात बाजूला घेतला.

गोदामात त्या दिवशी मोठा माल आला होता. पावणेदहा पट्टी ताणून उभा होता. ‘काप ना,’ म्हणाला. मी म्यानाचं बटण सोडलं आणि चाकू ओढला.

तो सहज निघाला नाही. चिकटला होता.

पातं ओलं होतं.

सकाळपासून तो माझ्या कमरेला होता. रात्रभरही. बटण मी आत्ता सोडलं होतं. मी त्या दिवशी अजून एकही पट्टी कापली नव्हती.

पात्याच्या सपाट बाजूला सालीचा लाल तुकडा होता, नखाएवढा. वास आला. गोड, ताजा. कापून मिनिटही झालं नसेल असा.

‘काय झालं गं?’

मी फोन काढला. घरची रिंग वाजत राहिली. वाजत राहिली. मग उचलला गेला.

‘बाबा!’

‘हां, बोल.’ आवाजात शीळ घालताना असतो तसा आनंद होता. ‘बरं झालं केलास. माझे बूट कुठे ठेवलेस?’

‘बाबा, मी येते. बसून राहा. मी निघालेच.’

‘अगं, तू कशाला? तू कामावर आहेस. बघ ना, पोळी पण भाजून दिली. आणि सफरचंद. एवढं नीट आहे, तुला दाखवायला हवं होतं. हिरवं रबरसुद्धा आहे.’

‘बाबा, ते खाऊ नका.’

‘आत्ता कुठे खातोय? तिथे पोचल्यावर.’

माझ्या हातातून चाकू ओघळला आणि खोक्यात रुतून उभा राहिला. तोंडात आलं ते मी बोलले.

‘कुठला मजला, बाबा?’

ते हसले. आमच्या त्या विनोदाला पहिल्यांदाच, मनापासून.

‘लिफ्ट नाहीये म्हणते,’ ते म्हणाले. ‘थांब हं.’ ते फोनपासून वळून कुणाचं तरी ऐकत असावेत. मग पुन्हा माझ्याशी, अगदी मायेने, ‘बूट राहू देत, बाळा. चपला चालतील म्हणते. लांब नाहीये.’

आणि त्यांच्या मागे, स्वयंपाकघरातून, डब्याचं झाकण बसल्याचा आवाज आला. टक.

ते झाकण दोन्ही हातांनी दोन्हीकडून दाबावं लागतं.

बाबांच्या एका हातात फोन होता.